शाल, श्रीफळ आणि शाश्वतता

विद्यापीठांतील पर्यावरण सप्ताह हा आता आपल्या शैक्षणिक पंचांगातला एक सण झाला आहे. त्याचे विधी ठरलेले आहेत. कुंडीतल्या रोपाला तांब्याभर पाणी घालून उद्घाटन होते. पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ दिले जाते. त्यानंतरच्या 'जाहीर व्याख्याना'त पडद्यावर एकाकी हिमखंड आणि त्यावरचे उपाशी अस्वल दिसते. दुपारी भित्तिचित्रांची स्पर्धा होते, 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तूंचे प्रदर्शन भरते आणि पथनाट्यात प्लॅस्टिकचा राक्षस मारला जातो. व्यासपीठामागे जो फलक असतो त्यावर तुकोबांच्या एका अभंगाची पहिली ओळ हमखास छापलेली असते, आणि तो फलक ज्या फ्लेक्सचा असतो तो प्लॅस्टिकचाच एक प्रकार असतो. सप्ताहाची सांगता सामुदायिक शपथेने होते. दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत सुरू होते, कारण काहीही थांबलेलेच नव्हते.

या सगळ्याची चेष्टा करणे सोपे आहे आणि आमचा हेतू तेवढाच नाही. राबणारे विद्यार्थी बहुधा प्रामाणिक असतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या दोन साधनांच्या बळावर एखादा समाज स्वतःला अडचणीचे प्रश्न विचारू शकतो, ती साधने म्हणजे जाहीर व्याख्यान आणि कला. विद्यापीठाने ती दोन्ही हाती घेतली आणि दोन्ही निरुपद्रवी करून टाकली. आणि हे घडत असताना ज्यांनी सर्वप्रथम ओरडायला हवे होते ते साहित्याचे विभाग, म्हणजे आपणच, सूत्रसंचालनाला चांगला आवाज आणि फलकाला सुभाषित पुरवून मोकळे झालो.

१.

हे असे का झाले? पहिले कारण प्रशासकीय आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा करावा. त्याची अंमलबजावणी पदवीच्या पातळीवर रेंगाळत रेंगाळत २००३-०४च्या सुमारास झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा एक सामाईक अभ्यासक्रम तयार केला आणि तो कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांना लागू झाला. आदेशामागची भावना थोर होती. प्रत्यक्षात आमच्या पाहण्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत त्याचे 'पास होण्यापुरता पेपर' असे रूपांतर झाले. कोणी शिकवायचा हे ठरलेले नव्हते, म्हणून ज्याचा कार्यभार कमी पडत होता त्याने तो शिकवला. २०२३ साली आयोगाने पदवी स्तरासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. कागदाचा दर्जा सुधारला, वर्गातले चित्र त्या मानाने थोडेच.

दुसरे कारण मूल्यांकनाचे. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या सातव्या निकषात संस्थेची मूल्ये आणि तिच्या पर्यावरणविषयक जाणिवेचा पुरावा मागितला जातो. पुरावा म्हणजे अहवाल, हरित लेखापरीक्षणाचे प्रमाणपत्र आणि जिओटॅग केलेली छायाचित्रे. यात गैर काही नाही, पण व्यवस्था जे मोजते तेच पिकते. छायाचित्रात व्याख्यान झाले हे दिसते. व्याख्यानात काय म्हटले गेले, त्यावर कोणी हरकत घेतली का, हे दिसत नाही. त्यामुळे जिथे हरकत घेतली जाण्याचा संभव नाही असेच व्याख्यान आयोजकांना सोयीचे ठरते. वक्ता सांगतो की नळ बंद करा, कापडी पिशवी वापरा, दुचाकीऐवजी सायकल घ्या. श्रोत्यांतील प्रत्येक जण थोडा थोडा अपराधी ठरतो आणि त्यामुळे विशेष असा कोणीच अपराधी उरत नाही. धरण, खाण, बंदर, साखर कारखाना, टँकर, नाल्यावरचे गृहसंकुल हे शब्द सभागृहात उच्चारलेच जात नाहीत.

२.

जाहीर व्याख्यान ही संस्था मराठीत अशी नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तो इतिहास आपण सारेच सांगतो. पण पर्यावरणाच्या संदर्भात आम्हांला स्मरण करून द्यायचे आहे ते दुसऱ्याच एका व्याख्यानाचे, ज्याला कोणी व्याख्यान म्हणत नाही.

१८८३ साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. आपण तो सामाजिक प्रबोधनाच्या प्रकरणात शिकवतो, ब्राह्मण्यावरील टीका म्हणून शिकवतो, निबंधवाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान ठरवतो. त्यातील जमिनीविषयीचे विवेचन मात्र घाईने ओलांडले जाते. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे-प्राणी, जनावरांचे शेण-मूत हे पावसाबरोबर वाहून खालच्या शेतांना आपोआप खत म्हणून मिळत असे; ती साखळी कशी तुटली, जंगलखात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्यावर शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना फिरायला जागा कशी उरली नाही, माती कशी वाहून जाते, हे फुले सांगतात. उपायही सांगतात. ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत म्हणजे पाणी मुरेल आणि माती अडेल. त्या कामाला पलटणीतले आणि पोलिसातले शिपाई लावावेत. कालव्याचे पाणी मोजून देता येईल अशा तोट्या बसवाव्यात. मृदासंधारण, सामाईक जमीन, पाण्याचे मोजमाप, वसाहतवादी वनधोरण, यांतला कोणता विषय आजच्या 'शाश्वतते'च्या परिसंवादात नवा म्हणून मांडला जातो?

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा ग्रंथ छापून होण्याआधी फुल्यांनी त्याचे भाग लोकांना वाचून दाखवले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशी गावे त्यांच्या प्रास्ताविकात येतात. सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला होता. 'दीनबंधु'त पहिले दोन भाग छापले गेले आणि पुढचे छापायचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबवले. लोखंडे फुल्यांचेच सहकारी होते. आपल्या गोटातल्या संपादकालाही न पेलणारा मजकूर घेऊन एक लेखक गावोगावी वाचन करीत होता. मराठीतील पर्यावरणविषयक जाहीर व्याख्यानाची परंपरा शोधायची तर ती इथून सुरू होते, आणि तिच्या मुळाशी शाल नाही, आसूड आहे.

२०१४ पासून पुणे विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आहेत. याच विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत चालत आली आहे. म्हणजे ओतूर-जुन्नरपर्यंत पोचणारी वाट विद्यापीठाला ठाऊक आहे आणि नावही आहे. प्रश्न इतकाच, की त्या वाटेने काय पाठवायचे.

३.

आता कलेकडे वळू. आवाराची भिंत 'पर्यावरणस्नेही' करायची ठरली की आपल्याकडे एकच कल्पना सुचते: तिच्यावर वारली चित्रे काढायची. गेरूचा रंग, पांढऱ्या रेषा, त्रिकोणांची माणसे, तारप्याभोवतीचा फेर, दोन झाडे. भिंत छान दिसते. पुढे ती भिंत कोणत्या कामाची हे कोणी विचारत नाही.

ही चित्रे मुळात कुठे असतात? वारल्यांच्या घरात लग्न असते तेव्हा कुडाच्या, मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात. चौकात पालघट ही देवी असते, वनस्पतींची आणि सुफलतेची देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. भात, कूड, माती, देवी आणि नवे कुटुंब यांना बांधणारा तो करार आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी तो भिंतीवरून कागदावर आणला, जगभर नेला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि कला म्हणून त्याचे स्वातंत्र्य सिद्ध झाले. त्याला आमची हरकत नाही. कला जागा बदलतेच. हरकत आहे ती चित्र घेऊन त्याचा परिसर गाळण्याला.

तो परिसर डहाणूचा आहे. केंद्र सरकारने १९९१ सालच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी दीर्घकाळ त्याचे अध्यक्षपद सांभाळले. वाढवण येथील बंदराला या प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला अनुमती दिली, आणि ऑगस्ट २०२४मध्ये मच्छीमारांचा विरोध चालू असतानाच बंदराची पायाभरणी झाली. बंदर व्हावे की न व्हावे याविषयी दोन बाजू आहेत, हे आम्ही जाणतो. पण किती विद्यापीठांनी पर्यावरण सप्ताहात त्या दोन बाजू एका व्यासपीठावर आणल्या? बंदराचा अभियंता, डहाणूचा मच्छीमार, पाड्यावरची वारली बाई आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक असे चौघे मराठीतून भांडले असते, तर त्याला जाहीर व्याख्यान म्हणता आले असते. आपण भिंत रंगवली. ज्यांची रेषा उचलली त्यांचा आवाज मात्र उचलला नाही.

४.

आणखी एक गोष्ट शब्दाची, आणि ती खास आपल्या अखत्यारीतली. इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'शाश्वत' हा शब्द रूढ करण्यात आला. मराठी कानाला 'शाश्वत' म्हटले की आत्मा आठवतो, कीर्ती आठवते, सत्य आठवते. जे कधी संपत नाही ते आठवते. ज्या विचाराचा गाभाच 'हे संपणारे आहे' हा, त्याला आपण न संपणाऱ्याचे नाव दिले. मग 'शाश्वत विकास' हा कोणत्याही जाहिरातीत शोभून दिसणारा शब्द झाला, त्यात नवल नाही.

१९८७ सालच्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातील व्याख्या आपल्या फलकांवर अर्धीच येते: भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास. त्याच ठिकाणी अहवाल आणखी दोन गोष्टी सांगतो. गरजा म्हणजे प्रामुख्याने जगातील गरिबांच्या मूलभूत गरजा, त्यांना अग्रक्रम. आणि निसर्गाच्या क्षमतेला मर्यादा आहेत ही जाणीव. अग्रक्रम आणि मर्यादा ही दोन्ही कलमे गाळली की उरतो तो गोडवा.

घरातल्या मराठीत या विचारासाठी फार नेमकी क्रिया आहे: पुरवून वापरणे. सुगीपर्यंत धान्य पुरवायचे, उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरवायचे. या क्रियेत संपण्याची धास्ती आहे, मोजमाप आहे, आणि कोणाच्या ताटात किती वाढायचे हा न्यायाचा प्रश्नही आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावपासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती याच क्रियेचे नियमांत केलेले रूपांतर होते. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळेल. भूमिहीनालाही वाटा असेल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावता येणार नाही. इतक्या स्पष्ट भाषेत 'शाश्वतता' आमच्या ऐकिवातल्या एकाही बीजभाषणात मांडली गेली नाही. योगायोग पाहा: जून १९७२मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, तिच्या स्मरणार्थ आपण ५ जून पाळतो, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळाच्या कामांवर खडी फोडत होता. आपल्या समारंभांना त्या सालातला स्टॉकहोम आठवतो. खडी आठवत नाही.

५.

आता साहित्याच्या विभागांकडे येऊ. 'आमच्या विषयाचा याच्याशी काय संबंध?' असा प्रश्न अजूनही विचारला जातो. उत्तरादाखल एकच नाव पुरे आहे: इरावती कर्वे. 'युगान्त' (१९६७) आपण शिकवतो. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला हे सांगतो. द्रौपदी आणि कर्णावरचे लेख परीक्षेला येतात. त्याच पुस्तकात 'मयसभा' आहे. खांडववनाचे दहन, त्यातून निसटू पाहणाऱ्या प्राण्यांचा आणि तिथल्या वस्तीचा संहार, आणि त्या राखेवर उभी राहिलेली राजधानी, यांकडे इरावतीबाईंनी ज्या नजरेने पाहिले ती नजर महाभारताच्या मराठी वाचनात नवी होती. आणि १९६९ साली, डेक्कन कॉलेजातून, याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. खांडव आणि कोयना यांचा विचार एकच बुद्धी, दोन वर्षांच्या अंतराने, करीत होती. एक पुस्तक मराठीत, म्हणून वाङ्मयात जमा झाले. दुसरे इंग्रजीत, समाजशास्त्राच्या कपाटात गेले. ही दोन पुस्तके एका तासाला एका टेबलावर ठेवणारा मराठीचा वर्ग आम्हांला अजून दिसलेला नाही. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द मात्र प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रस्तावनेत दिसतो.

हीच गत विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ची. ती १९९१ साली आली, म्हणजे ज्या वर्षी न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे केले आणि ज्या वर्षी डहाणूची अधिसूचना निघाली त्याच वर्षी. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची ही कादंबरी आपण 'ग्रामीण कादंबरी : कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली' या साच्यात शिकवतो. विद्यार्थी उत्तम गुण मिळवतो आणि आपल्याच जिल्ह्यातले कोणते गाव कोणत्या धरणाखाली आहे हे त्याला ठाऊक नसते. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले, हे त्याला इतिहासाच्या पेपरात कळले तर कळते. मुळशीपासून कोयनेपर्यंत आणि कोयनेपासून 'झाडाझडती'पर्यंत जी रेषा जाते, ती शिकवण्याचे काम कोणत्याच विभागाचे नाही असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

६.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप कलेच्या स्वायत्ततेचा. साहित्याला प्रचाराच्या गाड्याला जुंपू नये. आम्ही हा आक्षेप मान्य करतो आणि तो उलटा वळवतो. सध्याचा पर्यावरण सप्ताहच कलेला प्रचाराला जुंपतो: घोषवाक्य, राक्षस, शपथ. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'तून एकही संदेश काढता येत नाही; पण ते वाचलेल्या माणसाला आपल्या वाटेवरचे झाड तोडलेले कळते, कारण ते फुलते कधी हे त्याला माहीत असते. कलेचे काम इतकेच, आणि ते घोषवाक्याला जमत नाही.

दुसरा आक्षेप तटस्थतेचा. विद्यापीठाने वादग्रस्त प्रश्नांत पडू नये, नाहीतर ते आंदोलनाचे कार्यालय होईल. आमचे म्हणणे असे, की बाजू घेणे आणि वाद घडवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईच्या आरेत रात्रीत वृक्षतोड सुरू झाली. ज्या एकोणतीस जणांना अटक झाली त्यांत विद्यार्थीही होते. एका कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. हे तरुण कोणत्या तरी महाविद्यालयाच्या पटावर होतेच. वाद घालण्याची जागा सभागृहात मिळाली नाही की तो रात्री कुंपणापाशी घातला जातो. सभागृह रिकामे ठेवण्याला तटस्थता म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत अवघड: 'काहीच नसण्यापेक्षा हे बरे.' आम्हांला तसे वाटत नाही. उपाशी माणसाला भूक कळते. पोट भरल्याचा भास झालेल्याला कळत नाही. दरवर्षी शपथ घेणाऱ्या विद्यार्थ्याची अशी समजूत होते की पर्यावरणासाठी जे करायचे ते आपण केले. ही समजूत अज्ञानापेक्षा घातक आहे, कारण अज्ञान दूर करता येते.

७.

मग करावे काय? आमच्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना अनुदान लागत नाही.

वर्षाचे पहिले पर्यावरण-व्याख्यान कुलसचिवांनी द्यावे. त्यात विद्यापीठाचाच हिशेब वाचावा: वर्षभरात विहिरी, कूपनलिका आणि टँकर मिळून किती पाणी लागले, विजेचे देयक किती आले, किती झाडे कोणाच्या परवानगीने तोडली, वसतिगृहाचा कचरा कुठे गेला. त्यानंतर तासभर प्रश्नोत्तरे व्हावीत आणि ती विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात छापावीत.

प्रत्येक व्याख्यानाला प्रतिवक्ता असावा. एकही विरोधी स्वर नसलेल्या कार्यक्रमाला सत्कार म्हणावे, व्याख्यान म्हणू नये.

निदान निम्मी व्याख्याने मराठीत आणि विद्यापीठाबाहेरच्या गावांत व्हावीत, आणि वक्त्यांत पाटकरी, धरणग्रस्त, मच्छीमार, कचरावेचक बाया असाव्यात. त्यांना मानधन तज्ज्ञाइतकेच मिळावे, कारण त्या बाबतीत तज्ज्ञ तेच आहेत.

भिंतीवर वारली चित्र हवे असेल तर ते वारली कलावंताकडून, त्याचे नाव घालून, योग्य मोबदला देऊन काढून घ्यावे, आणि ते काय आहे हे त्यानेच समजावून सांगावे.

आणि साहित्याच्या विभागांनी सूत्रसंचालन सोडावे. त्याऐवजी वर्षातून एक दिवस 'असूडा'तला मातीचा भाग, 'मयसभा', कोयनेची पाहणी आणि 'झाडाझडती' यांचे जाहीर वाचन एखाद्या धरणग्रस्त वसाहतीत करावे. कोयनेची पाहणी मराठीतून ऐकवायची तर तिचे भाषांतर विद्यार्थ्यांनाच करावे लागेल, आणि तो त्यांच्या अभ्यासाचा सर्वांत उपयुक्त भाग ठरेल. ऐकणारे 'हे असे नव्हते' म्हणाले तर तेही लिहून घ्यावे. ती समीक्षाच आहे.

यातले काहीही अशक्य नाही. ओतूरला आणि हडपसरला १८८३च्या सुमारास हे एका माणसाने केले होते. त्याच्यापाशी सभागृह नव्हते, अनुदान नव्हते, आणि त्याच्या वाचनानंतर कोणी आभारप्रदर्शन केल्याची नोंद आमच्या वाचनात नाही.